दर पाचवं घर

"दोन गोष्टी सांगते, पदराला गाठ मारून ठेव," सुईण म्हणाली होती. "ओझं उचलू नकोस आणि कुणाला सांगू नकोस."

सुईणीला जाऊन वर्षं लोटली. तिचा चेहराही थोरलीला आता धड आठवत नाही. आठवतो तो आवाज. घोगरा, जरा घाईतला, पुढच्या घरी कुणीतरी वाट बघत असावं तसा. कोपऱ्यात नुकती जन्मलेली पोर रडत होती आणि सुईण परातीत हात धुताधुता बोलत होती, "अंग जरा खाली सरकलंय, गर्भाची पिशवी. बायकांचं सरकतं. दिवसभर उभी राहिलीस की बाहेर येईल, आडवी झालीस की आत जाईल. जीव जात नाही त्यानं."

जीव गेला नाही, हे खरं. आणि दुसरी गोष्ट थोरलीनं जन्मभर पाळली. पण पहिली कशी पाळायची? मिठागरात राहायचं आणि ओझं उचलायचं नाही, म्हणजे पाण्यात राहून कोरडं राहायचं.

थोरली म्हणजे घरातली मोठी सून. सासू-सासरे गेले, दिरानं दोन घरं सोडून वेगळी चूल मांडली, तरी नाव चिकटलं ते चिकटलं. नवरा उघाडीवर कामाला. उघाडी म्हणजे बांधातलं लाकडी दार; भरतीला उघडायचं, समुद्राचं पाणी वाफ्यांत घ्यायचं, ओहोटी लागायच्या आत बंद करायचं. एवढ्या मोठ्या समुद्राला आत घेऊन कोंडणारा माणूस, पण घरात त्याचा आवाज म्हणून नाही. कोंडलेलं पाणी उन्हानं आटतं, तळाशी पांढरं फुटतं. पुरुष ते दंताळ्यानं ओढून बांधावर काढतात आणि बांधावरून मोठ्या राशीपर्यंत बायका टोपलीनं वाहतात. ही शेवटची वाट पहिल्यापासून बायकांची.

रोज सकाळी मोरीचं दार लावून थोरली जुन्या सुती कापडाची जाड घडी करायची. बाहेर आलेलं बोटांनी हळूच आत सारायची, घडी लावायची आणि वरून कमरेला आवळून बांधायची. मग चेहऱ्यावरून पाणी फिरवून बाहेर. दुपारपर्यंत ओटीपोटात कुणीतरी वजन टांगल्यासारखं व्हायचं. संध्याकाळी कापड सोडताना ती ओठ दाताखाली धरायची. जखमेवर मीठ चोळणं ही दुसरीकडच्या लोकांची म्हण. इथं तो रोजगार होता.

चालताना ती गुणगुणायची. डोक्यावर टोपली, तोंडात ओवी, म्हणजे पाय आपोआप पडतात.

समुद्र आला दारी, उन्हानं गं सारा प्याला
उरला चिमूटभर, तेवढाच माझा झाला.

चिमूटभर म्हणजे लेक. एकच.

लेक डॉक्टर झाली तेव्हा सारी वस्ती दारात जमली होती. आता कोपऱ्यावर दवाखाना निघणार, आपल्याला फुकट सुया मिळणार, असा हिशेब ज्यानं त्यानं मनात करून ठेवला. आणि लेक पुन्हा शिकायला गेली. एम.डी. करायला.

"आता कशाची डॉक्टर?" मुकादमानं उघाडीवर येऊन विचारलं होतं. "हाडांची? डोळ्यांची?"

नवऱ्यानं डोकं खाजवलं. "वस्तीची," तो म्हणाला.

"म्हणजे रे काय?"

"म्हणजे माणूस दवाखान्यात यायच्या आधीच त्याच्या घरी जायचं आणि विचारायचं."

"आजारी पडायच्या आधी?"

"हां."

"म्हणजे जेवायच्या आधी ढेकर!" मुकादम हसतहसत बांधावरून निघून गेला. नवऱ्यानं ते घरी येऊन जसंच्या तसं सांगितलं आणि स्वतःही हसला. पण पाय धुताना बराच वेळ तो एकच टाच घासत बसला होता.

या वर्षी ढग वेळेआधी आले आणि त्यांच्या मागोमाग लेक आली. एम.डी.साठी प्रबंध लिहावा लागतो. तिनं विषय घेतला होता मिठागरात राबणाऱ्या बायकांच्या आजारांचा, जे दवाखान्यापर्यंत पोचतच नाहीत अशांचा. तिला शिकवणाऱ्या मोठ्या बाईंनी किनाऱ्यावरच्या काही वस्त्या ठरवून दिल्या, त्यांत ही एक. लेक आपल्याच घरी उतरली. एक पाठपिशवी, एक पांढरा कोट, उन्हासाठी छत्री.

थोरलीच्या घरात जणू भरती आली. ती उगाचच दोनदोनदा अंगण झाडायची. लेकीच्या चपला उन्हातून सावलीत ठेवायची. लेक खाली मान घालून जेवायची तेव्हा थोरली तिच्या भांगाकडे बघत बसायची. इतका सरळ भांग पाडायला हिला कुणी शिकवलं, मी तर वाकडाच पाडायची.

आणि मनात एकच. ही आता घरोघर जाणार, बायकांना विचारणार, काय होतं, कुठं दुखतं. म्हणजे मलाही विचारणार. आपण होऊन सांगायचं नाही, अशी गाठ मारून ठेवलेली. पण कुणी विचारल्यावर सांगू नकोस, असं काही सुईण म्हणाली नव्हती.

"आपल्या घरी कधी विचारणार गं?" तिनं सहज विचारल्यासारखं केलं.

"आपलं घर येत नाही, आई."

"येत नाही म्हणजे? घर काय चालत येतं?"

लेक हसली. "अगं, सगळ्यांना विचारणं होत नाही. पहिलं घर चिठ्ठी टाकून काढलं. तिथून पुढं दर पाचवं घर. त्यात काकूचं येतं, आपलं नाही."

"मग मधल्यांचं काय?"

"त्यांचंही कळतं त्यावरून. शितावरून भाताची परीक्षा."

थोरली भांडं घासत राहिली. "बरोबर आहे," ती म्हणाली. "पण शिताला थोडंच ठाऊक असतं, आपल्याला कुणी चाखणार नाही म्हणून."

"आपल्याच माणसांना निवडलं तर तो अभ्यास खोटा होतो गं. नियम असतो." लेकीनं मागून येऊन गळ्यात हात टाकले. त्या वजनानंसुद्धा थोरलीला खाली ओढ बसली, पण हात काढ म्हणाली नाही.

वस्तीत मात्र या पाचव्या घरानं धमाल उडवली. ज्यांच्याकडे लेक गेली, त्यांची मान ताठ. ज्यांच्याकडे नाही, त्यांचा रुसवा. "आम्ही काय माणसं नाही? आमचे गुडघे गुडघे नाहीत?" एकीनं तर आपल्या दारावरचा आकडा पुसून खडूनं दुसरा लिहिला. विहिरीजवळच्या घरात लेक गेली तर तिथं एकाएकी दोन सासवा निघाल्या. दुसरी शेजारची होती, विचारून घ्यायला म्हणून येऊन बसलेली. लेकीनं तिला समजावून परत पाठवलं. घरी येऊन कपाळावर हात मारला. "असं झालं तर माझं सगळं काम मातीत, आई. मोठ्या बाई पाहणीला येणारेत. त्यांनी हे पाहिलं तर?"

गप्पी म्हणून एक बाई होती, तिचं घर पाचवं आलं. दुसऱ्या दिवशी बांधावर तिच्या तोंडाला खळ नव्हता.

"सगळ्यांना बाहेर काढलं. नवऱ्यालासुद्धा! म्हणाली, काका, तुम्ही जरा अंगणात बसा. आणि मला तुम्ही म्हणत होती गं. तुम्हाला काही त्रास होतो का? जन्मात मला कुणी तुम्ही म्हटलं नव्हतं."

"मग काय सांगितलंस?" कुणीतरी विचारलं.

"म्हटलं, काही नाही. तर ती उठेचना! बसून राहिली पोर, माझ्याकडे बघत. शेवटी म्हटलं, पाठ भरून येते. तर लगेच पुढचं, कधीपासून? काहीही सांगा, तिचं ठरलेलं, कधीपासून?"

बायका हसल्या. थोरलीही हसली आणि मग वाटेत थबकली. मागची बाई तिच्यावर आदळता आदळता राहिली. "काय झालं गं थोरले?"

"काटा," ती म्हणाली.

मिठागरात काटे नसतात.

कधीपासून? तिनं याचा विचारच केला नव्हता. पहिला प्रश्न यावा म्हणून ती झुरत होती आणि त्याच्या पाठीला हा दुसरा बांधलेला. त्याचं उत्तर एकच होतं. ते त्याच पोरीच्या तोंडावर कसं द्यायचं? लहानपणी अंगणात पडून पोरीचा गुडघा फुटला होता, तेव्हा ती आईला म्हणाली होती, "तुला लागलं का गं, मला उचलताना?" अशी पोर ती.

त्या संध्याकाळी लेक दमून भिंतीला टेकली होती. थोरलीनं तिचे पाय मांडीवर घेऊन चोळायला सुरुवात केली. लेकीच्या टाचांना आता भेगा पडल्या होत्या, आईसारख्या. वर्गातली मुलं तिच्या विषयाला चपला झिजवायचा विषय म्हणतात, असं ती सांगत होती.

"मग घेतलास कशाला?"

"दवाखान्यात मी रात्रपाळीला असायची ना, तेव्हा एक बाई आली होती. तुझ्याच वयाची. फार पुढं गेलेलं तिचं. आमच्या सरांनी जे करायचं ते सगळं केलं. चांगलं केलं. पण मला राहूनराहून वाटायचं, ही इतकी वर्षं होती कुठं? कुणाच्या तरी घरात होती. भांडी घासत होती, पाणी भरत होती. तिच्या घरावरून रोज कुणीतरी जात असेल. कुणी विचारलं कसं नाही?"

थोरलीचे हात पायावर थांबले. इथंच होते गं, तिच्या ओठांवर आलं. इथंच आहे. तिनं श्वास घेतला, तो तसाच आत धरला. लेक पुढं काही बोलेल, नुसतं 'आणि तू?' एवढं म्हणेल.

"आई, जरा वरती चोळ ना. पोटरीत."

तेवढ्यात नवरा दारात येऊन उभा राहिला. "पश्चिमेला फार भरलंय. मुकादम म्हणतो, होतं तेवढं मीठ उचला. पाऊस आला तर वर्षाचं पाणी होईल."

श्वास सुटला. थोरली पोटरी चोळत राहिली.

दुसऱ्या दिवशी मोठ्या बाई पाहणीला आल्या. त्या दिवशी धाकटीच्या, म्हणजे दिराच्या बायकोच्या, घराची पाळी होती. हे शेवटचं घर; नंतर लेक त्यांच्याच गाडीतून दुसऱ्या वस्तीला जाणार, तिथून परीक्षेला. सकाळच्या पाळीनंतर थोरली घरी आली ती भाकरतुकडा खायला. पण पाय वळले दोन घरं पलीकडं. विहिरीजवळच्या त्या दुसऱ्या सासूला ती तेव्हा हसली होती. आज तिला ती बाई कळली.

"या की जाऊबाई," धाकटी म्हणाली. "डोळे लावून बसले मी. काय विचारणार आहे कुणास ठाऊक तुमची लेक! तुम्ही बसा माझ्याजवळ. मला धीर."

"बसते," थोरली म्हणाली. तिनं चेहरा धुतला होता. केस ओले करून बसवले होते. चुलीजवळच्या सावलीत ती पाटावर बसली, त्या घरातलीच असल्यासारखी, आणि समोरचं सूप उगाच हातात घेतलं. पहिल्या प्रश्नापर्यंत तरी जाऊ, तिनं मनाशी ठरवलं. दुसऱ्याचं दुसऱ्या वेळी बघू. आणि परक्याच्या घरात, तुम्ही म्हणून विचारलं, तर कदाचित बोलताही येईल. पोर तेवढ्यापुरती पोर राहणार नाही.

लेक आत आली. मागं मोठ्या बाई. पिकल्या केसांच्या, ठेंगण्या, धुळीनं भरलेल्या चपला दारातच काढून आलेल्या. उजेडातून आत आल्यामुळं लेकीला कोपरा दिसला नाही.

"काकू, घरात मोठ्या बायका किती?"

धाकटीनं एकदा कोपऱ्याकडं पाहिलं. "दोन," ती म्हणाली. तिला वाटलं, जाऊबाईंनाही विचारून घ्यायचं असेल, त्यांचं काम करून टाकावं.

"दोन? तू एकटीच ना?"

"ह्या नाही का," मोठ्या बाई म्हणाल्या. "ह्या कोण?"

लेकीचे डोळे अंधाराला सरावले आणि तिचा चेहरा उतरला. मग लाल झाला. थोरलीनं तिचा असा चेहरा कधी पाहिला नव्हता. अगदी अनोळखी, शिकलेला.

"आई. तू इथं काय करतेस? सांगितलं होतं ना तुला?" आवाज हळू होता, पण धार होती. "ऊठ. घरी जा."

थोरली उठली. एकदम उठता यायचं नाही. आधी कुशीवर, मग हात टेकून, मग मांड्या जवळ धरून. मोठ्या बाई तिच्याकडं बघत होत्या.

"मी आपली टोपली मागायला आले होते," थोरली म्हणाली. "आमची फाटलीय."

धाकटीनं गोंधळून भिंतीवरची टोपली काढून दिली. थोरली ती घेऊन बाहेर पडली. घरी दोन धड टोपल्या होत्या. ही तिसरी डोक्यावर पालथी घालून ती बांधाकडं चालू लागली. तेवढंच, तोंड कुणाला दिसत नाही.

दुपार कलली तरी ऊन नव्हतं. आभाळ खाली आलं होतं, वारा बंद. मुकादम राशीवर उभा राहून ओरडत होता, "उचला, उचला! थेंब पडला तर घामाचंसुद्धा मीठ मिळायचं नाही!" पुरुष दंताळी ओढत होते, बायका पळत नाहीत आणि चालतही नाहीत अशा मधल्या चालीनं जात होत्या. उघाडीवर नवरा दाराच्या फटी चिखलानं लिंपत होता. आज ओवी कुणाच्या तोंडात नव्हती. थोरलीच्या मांड्यांमध्ये आग होती. घडी सरकली होती, पण मोरी कुठली इथं. प्रत्येक खेपेला ती मनात म्हणायची, ही टाकली की बसते. आणि टाकून परत वळायची.

बांधाच्या तोंडाशी कुणीतरी उभं होतं. छत्री नाही, कोट नाही.

"आण इकडं," लेक म्हणाली.

"सर बाजूला. वाटेत उभं राहू नये."

"टोपली दे, आई."

"तुझी गाडी जाईल."

"थांबलीय." लेकीनं टोपलीच्या काठाला हात घातले. दोघींच्या मध्ये ती क्षणभर हिंदकळली, मूठभर मीठ दोघींच्या पायांवर पडलं. मग थोरलीनं सोडून दिली. लेकीनं ती छातीशी धरून राशीपर्यंत नेली. डोक्यावर घ्यायचं ती विसरली होती. रिकामी करून परत आली तेव्हा थोरली बांधावर टेकली होती, एका अंगावर, एक पाय लांब सोडून. लेकीनं ते बसणं पाहिलं. बराच वेळ पाहिलं.

"अशी का बसतेस?"

"सवय."

लेक तिच्यासमोर ओल्या चिखलातच बसली. "मोठ्या बाई काही रागावल्या नाहीत. काकूंचं सगळं होईपर्यंत गप्प होत्या. गाडीत बसताना एवढंच म्हणाल्या, तुझी आई काय सांगायला आली होती? मी म्हटलं, टोपली मागायला. तर म्हणाल्या, टोपली मागायला कुणी केस विंचरून येत नाही."

थोरलीनं दुसरीकडं पाहिलं. उघाडीवर नवरा वाकलेला दिसत होता, समुद्राकडं पाठ करून.

"आता विचारते," लेक म्हणाली.

"आपला नंबर नाही ना."

"नाही. हे कुठं लिहायचं नाही, मोजायचं नाही." ती सावरून बसली, घरोघर बसायची तशी, हात मांडीवर. "घरात माणसं किती?"

थोरलीला हसू आलं. "चावट कुठली."

"सांगा ना."

त्या 'सांगा'नं तिचं हसू मावळलं. "तीन," ती म्हणाली. "दोघं असतात. एक बाहेर असते."

"बाळंतपणं किती?"

"एक."

"कुठं झालं?"

"इथंच. घरी. सुईण होती."

"पुन्हा कामावर कधी गेलात?"

"मीठ थांबतं का कुणासाठी?"

लेकीनं मान हलवली. मागून गप्पी ओरडत गेली, "अगं थोरले, मुकादम बघतोय!" तिच्यामागून बाकीच्या. त्यांच्या पावलांनी बांध थरथरला आणि पुन्हा स्थिर झाला.

"तुम्हाला काही त्रास होतो का?"

किती दिवस या वाक्याची वाट पाहिली होती. आणि आलं तेव्हा इतक्या वर्षांची जीभ आपोआप वळली.

"काही नाही."

लेक उठली नाही. तिथंच बसून राहिली, आईच्या तोंडाकडं बघत. वाफ्यातल्या पाण्यावर आभाळ काळं पडलं होतं. लांब कुठंतरी गाडीचा भोंगा वाजला, लेकीनं मान वळवली नाही. तिच्या भांगावर मिठाचे दोन कण बसले होते. थोरलीनं हात लांब करून ते पुसले आणि हात तिथंच राहू दिला.

"अंग बाहेर येतं," ती म्हणाली. "रोज. दिवसभर."

लेकीनं आईचा दुसरा हात धरला. भेगाळलेला, मिठानं कडक झालेला.

"तुला सांगितलं असतं गं कधीच," थोरली म्हणाली. "पण त्याच्या पुढचं विचारू नकोस."

"विचारावं लागतं, आई." लेकीचा आवाज फाटला होता, तरी तिनं विचारलं. "कधीपासून?"

थोरलीनं डोळे मिटले. सुईण परातीत हात धूत होती. कोपऱ्यात कुणीतरी नवं, ओलं, जोरजोरात रडत होतं, आणि अंगात त्राण नसतानाही तिनं त्या आवाजाकडं वळून दोन्ही हात पसरले होते.

"तू झालीस तेव्हापासून," ती म्हणाली.